साच्यातील मेणबत्ती : खोट मेणाची, साच्याची की हाताची?

घरबसल्या करण्याजोगा धंदा म्हणून मेणबत्तीचे नाव आपल्याकडे फार वर्षांपासून घेतले जाते. भांडवल थोडे, जागा थोडी, शिकायला दोन दिवस पुरे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. साचे विकणारे तर हे हमखास सांगतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आम्हाला मान्य आहेत, तिसरी मान्य नाही. मेण वितळवून साच्यात ओतायला दोन दिवसही लागत नाहीत, दोन तास पुरतात. पण ओतलेली मेणबत्ती साच्यातून अखंड निघावी, तिच्या अंगावर पट्टे-डाग नसावेत, बुडाशी खड्डा नसावा आणि पेटवल्यावर ती शेवटपर्यंत नीट जळावी, हे दोन दिवसांत हाती येत नाही. या धंद्याचा नफा-तोटा मात्र नेमका तेथेच ठरतो.

आम्ही आज हा विषय घेतला तो केवळ कृती सांगण्यासाठी नव्हे. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव अशा गावी मजुरीवर घरी माल करून देण्याची चाल जुनी आहे. मेणबत्तीच्या कामातही तीच पद्धत दिसते. व्यापारी मेण, सूत आणि साचे देतो, घरच्या स्त्रिया माल ओतून देतात, आणि मोजणीच्या वेळी चांगले नग एकीकडे, खराब नग दुसरीकडे होतात. मजुरी चांगल्या नगांचीच. खराब नगांचे मेण परत घेतले जाते आणि वजनात आलेली घट पुष्कळदा मजुरीतून कापली जाते. शंभरातले पंधरा नग खराब गेले तर बाईच्या पदरात पंच्याऐंशी नगांची मजुरी पडते आणि मेहनत शंभर नगांची होते. शेठ म्हणतात, "तुमचा हात बसला नाही." बाई मनात म्हणते, मेणच हलके आहे. दोघांपैकी कोणी तरी खरे असते, पण कोण, हे ठरवण्याची रीत दोघांकडेही नसते. ती रीत आहे, आणि अवघड मुळीच नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेणबत्ती हा लघुउद्योगांसाठी राखीव ठेवलेला माल होता. मोठ्या कारखानदारांना त्यात सहजासहजी उतरता येत नसे. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने राखीव यादीतल्या शेवटच्या वीस वस्तूही मोकळ्या केल्या, त्यांत लोणची, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या, कुलुपे यांच्याबरोबर मेणबत्तीही होती. म्हणजे ते कुंपण आता उरलेले नाही. शिवाय भारनियमनाच्या काळात दिवा म्हणून जी मेणबत्ती खपत असे, तिची जागा चार्जिंगच्या दिव्यांनी घेतली. उजेडासाठी घेतलेल्या मेणबत्तीला खड्डा आहे की डाग आहे, हे कोणी पाहत नसे. आज ती दिवाळीला, नाताळला, वाढदिवसाला, हॉटेलच्या टेबलावर शोभेसाठी जाते. शोभेच्या वस्तूवर गिऱ्हाइकाची पहिली नजर जाते ती खोटीवर. साध्या पांढऱ्या मेणबत्तीत यंत्रावरच्या मालाशी भावाची बरोबरी घरच्या कारागिराला जमणार नाही. त्याच्या हाती राहिली ती साच्याची मेणबत्ती, आणि तिची सफाई.

आता मुद्द्याकडे येऊ. खोट कोणाची, हे ओळखण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. साच्याच्या प्रत्येक घराला नंबर द्यावा आणि खराब नग निघाला की तो कोणत्या घरातून आणि कितव्या घाण्यातून निघाला, हे वहीत टिपावे. तीन-चार घाण्यांत चित्र स्पष्ट होते. एकाच नंबरच्या घरातून पुन्हा पुन्हा तीच खोट येत असेल तर ती साच्याची. सगळ्या घरांतून, प्रत्येक घाण्यात, कोणीही ओतले तरी तीच खोट येत असेल तर ती मेणाची. आणि एका घाण्यात आली, दुसऱ्यात नाही, सकाळी आली, दुपारी नाही, अशी असेल तर ती हाताची, म्हणजे बहुतेक वेळा तापमानाची. एवढी वही ठेवली तर निम्मे तंटे जागच्या जागी मिटतात. आमचे तर असे मत आहे की मजुरीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याने साच्याबरोबर ही वही स्वतःहून द्यावी. वहीचा खर्च तो काय!

मेणापासून सुरुवात करू. आपण ज्याला मेण म्हणतो ते पॅराफिन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना निघणारा माल. आपल्या देशात दिग्बोई, नुमालीगड, चेन्नई येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते तयार होते, परदेशातूनही येते. त्याच्या लाद्या दिसायला सारख्याच असतात, पण गुण सारखा नसतो. मुख्य फरक दोन. एक म्हणजे ते किती अंशांवर वितळते. साच्याच्या मेणबत्तीला साधारण ५८ ते ६२ अंश सेल्सिअसला वितळणारे मेण चांगले. दुसरा फरक म्हणजे त्यात तेलाचा अंश किती राहिला आहे. पूर्ण शुद्ध केलेल्या मेणात तो अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, अर्धशुद्ध मेणात त्याहून अधिक. तेल जास्त असले की मेणबत्ती मऊ होते, साच्याला चिकटते, अंगावर हिमाचे कण पडल्यासारखे ठिपके येतात आणि उन्हाळ्यात तिला घाम सुटल्यासारखे तेल वर येते. अशा मेणाला कारागिराने कितीही जपून ओतले तरी उपाय नाही.

तेलकट मेण ओळखण्याची घरगुती परीक्षा आहे. लादीचा तुकडा कोऱ्या कागदात घट्ट गुंडाळून रात्रभर उबदार जागी ठेवावा. सकाळी कागदावर पारदर्शक तेलकट डाग पसरलेला दिसला तर ते मेण शोभेच्या कामाचे नाही. ही परीक्षा माल घेतानाच, शेठच्या समोर करावी. माल ओतून झाल्यावर केली तर तिचा उपयोग फक्त भांडणाला होतो.

मेणात स्टिअरिक ॲसिड मिसळण्याची रीत आहे. शंभर भाग मेणाला पाच ते दहा भाग घातले तर मेणबत्ती कडक होते, पांढरीशुभ्र दिसते, उन्हात लवकर वाकत नाही आणि आकसून साच्यापासून सुटायला मदत होते. मात्र दोन ठिकाणी ते वर्ज्य समजावे. पितळी किंवा तांब्याच्या साच्यात त्याने हिरवट डाग पडतात, आणि नैसर्गिक रबराचे साचे त्याने लवकर खराब होतात. ॲल्युमिनियमच्या साच्याला भीती नाही. जाता जाता सांगण्यासारखे हे की स्टिअरिक वनस्पती तेलापासूनही बनते आणि जनावरांच्या चरबीपासूनही. काही गिऱ्हाइके याबद्दल विचारतात आणि दुकानदार अंदाजाने उत्तर देतो. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा पुरवठादाराकडून लिहून घेतलेले बरे. वनस्पतीजन्य स्टिअरिक बाजारात मिळते.

सर्वांत जास्त नग ज्या कारणाने बाद होतात ते म्हणजे बुडाचा खड्डा. साच्याचे उघडे तोंड म्हणजे मेणबत्तीचे बूड. मेण थिजताना आकसते, दहा टक्क्यांच्या आसपास. बाहेरचा थर साच्याला लागून आधी थिजतो, आतले मेण नंतर थिजते आणि स्वतःकडे ओढून घेते. म्हणून वातीभोवती खड्डा पडतो. कधी वरून खड्डा दिसत नाही, पण आत लांबट पोकळी राहते. अशी मेणबत्ती पेटवली की ज्योत पोकळीपाशी येऊन एकदम खाली बसते किंवा विझते, आणि गिऱ्हाईक म्हणते, तुमची मेणबत्ती आतून पोकळ आहे. ही खोट मेणाची नाही आणि साच्याचीही नाही. आकसणे हा मेणाचा स्वभावच आहे. कारागिराने त्याची तजवीज करायची असते.

तजवीज अशी. पहिली ओत झाल्यावर बुडाशी जाड साय धरली की जाड सुईने किंवा सायकलच्या तारेने वातीच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी खोल टोचावे, म्हणजे आतली पोकळी उघडी पडते. मग राखून ठेवलेले मेण पहिल्या वेळेपेक्षा चार-पाच अंश जास्त गरम करून त्या खड्ड्यात भरावे. मोठ्या मेणबत्तीला हे दोनदा करावे लागते. येथे पुष्कळांची एक चूक होते. भरताना मेण पहिल्या पातळीच्या वर जाऊ देतात. वर गेलेले मेण थिजलेल्या मेणबत्तीच्या आणि साच्याच्या मधल्या फटीत उतरते, बाजूला पापुद्रा धरतो आणि मेणबत्ती साच्यात अडकते. पातळीच्या केसभर खाली थांबावे. घाईच्या दिवसांत, दिवाळीच्या आठवड्यात, ही दुसरी ओत गाळली जाते. मग परत आलेल्या मालाने दुकान भरते.

अंगावर आडवे पांढरे पट्टे येत असतील तर मेण थंड असताना ओतले गेले आहे किंवा साचा थंड होता. पातळ धारेने, थांबत थांबत ओतले तरी पट्टे येतात, कारण प्रत्येक थर वेगळा थिजतो. धातूच्या साच्यात मेण सुमारे ८० ते ८५ अंशांवर, रबरी किंवा सिलिकॉनच्या साच्यात ७० ते ७५ अंशांवर ओतावे. थंडीच्या दिवसांत धातूचा साचा आधी कोमट करून घ्यावा. ओत एका दमात, पण धार भिंतीवरून सरकत जाईल अशी असावी. साच्याला बोटाने हलके ठोके द्यावेत, म्हणजे अडकलेले बुडबुडे वर येतात. सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रे दिसली तर समजावे की ठोके दिले गेले नाहीत किंवा मेणात पाण्याचे थेंब पडले. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून मेण वितळवताना पाणी जोरात उकळू दिले की शिंतोडे मेणात जातात. आच मंद ठेवावी.

आता हे अंश मोजायचे कशाने? येथे आमचे कारागीर बोटावर, वाफेवर आणि सवयीवर विसंबतात. स्वयंपाकघरात वापरतात तसा पोलादी दांडीचा थर्मामीटर घेतला तर या धंद्यातले ते सर्वांत फायद्याचे हत्यार ठरेल. अंदाज करणारा कारागीर वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. पण अंदाजाचा साक्षीदार नसतो. मोजणीच्या वेळी "मी ८२ अंशांवर ओतले" असे जी बाई वही दाखवून सांगू शकते, तिच्या मजुरीला हात लावण्याआधी शेठला विचार करावा लागतो.

साच्याला चिकटण्याची तक्रार फार ऐकू येते, आणि तिचा इलाज म्हणून लोक सुरी घेतात. यासारखे नुकसान नाही. ॲल्युमिनियमवर सुरीची एक रेघ उमटली की ती पुढच्या प्रत्येक मेणबत्तीवर उमटणार, आणि मेण त्या रेघेत रुतणार. चिकटण्याची कारणे बहुतेक अशी असतात : मेण तेलकट, साच्याला तेलाचा हात लावलेला नाही, किंवा पुरते थंड होण्याआधी ओढाताण. साचा वापरण्याआधी तेलाचे बोट फडक्यावर घेऊन तो पुसून घ्यावा, तेल ओतू नये. जास्त तेल झाले की अंगावर डाग आणि खड्डे उमटतात. नग अडकलाच तर साचा दहा-पंधरा मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. मेण आणखी आकसते आणि सुटते. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. तेथे मेणबत्तीला तडे जातात. तरीही सुटले नाही तर साचा क्षणभर गरम पाण्यात बुडवून काढावा. तो नग बिघडेल, पण साचा वाचेल, आणि मेण पुन्हा वितळवता येईल. साफ करायचा तर साचा गरम करून मऊ सुती फडक्याने पुसावा.

तड्यांचे कारण उलट टोकाचे आहे. माल लवकर निघावा म्हणून साचे बर्फाच्या पाण्यात घालतात. बाहेरचा थर एकदम आखडतो, आतला गरमच असतो, आणि मेणबत्ती तडकते. नळाचे साधे पाणी पुरे आहे. दोन फाळ्यांच्या साच्याचे स्क्रू ढिले असतील तर पाणी आत शिरते, मेणात पाण्याचे कप्पे होतात आणि जळताना मेणबत्ती चटचट आवाज करून विझते. फाळ्या नीट मिळत नसतील, सांध्यावर जाड शिवण येत असेल, तर तो साचा कारागिराने परत करावा आणि व्यापाऱ्याने मुकाट्याने बदलून द्यावा. झिजलेल्या साच्याची शिक्षा मजुरीवाल्या बाईला देणे हा व्यवहार नव्हे.

वातीचा विषय निराळा आहे, कारण तिची खोट मोजणीत सापडत नाही. ती गिऱ्हाइकाच्या घरी सापडते. दिसायला मेणबत्ती सुबक, पण पेटवली की काळा धूर, किंवा वातीभोवती मेणाचे तळे साचून ज्योत बुडून विझते, किंवा मध्ये बोगदा पडतो आणि कडेचे मेण तसेच राहते. धूर येत असेल आणि मेण ओघळत असेल तर वात जाड आहे. ज्योत बुडत असेल, बोगदा पडत असेल, तर वात बारीक आहे. मेणबत्तीची जाडी बदलली की वात बदललीच पाहिजे. पण आमच्याकडे एकाच रिळाचा दोरा बोटाएवढ्या मेणबत्तीला आणि मनगटाएवढ्या मेणबत्तीलाही घातला जातो. पिळाचा साधा दोरा वापरू नये, विणलेली सुती वात घ्यावी. विणलेली वात जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला जाऊन जळून जाते आणि काजळी साठत नाही. ही वात एकोणिसाव्या शतकात आली. त्याआधी वातीचा गुल सारखा कातरावा लागे आणि त्यासाठी शमादानाजवळ गुलगीर ठेवलेला असे. आज शमादान आणि गुलगीर जुन्या सामानाच्या दुकानातच दिसतात. पिळाच्या दोऱ्याची मेणबत्ती घेणाऱ्या गिऱ्हाइकाने गुल कशाने कातरावा?

वात साच्यात ओवण्याआधी वितळलेल्या मेणात बुडवून, सरळ ताणून वाळवावी. त्याने तिच्यातली हवा आणि ओल निघून जाते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत न बुडवलेले सूत हवेतली ओल पिते, आणि मग पेटवताना तडतड होते. वात मध्यभागी राहावी म्हणून साच्याच्या तोंडावर आडवी काडी ठेवून तिला ती ताणून बांधावी. वात एका बाजूला सरकली की मेणबत्ती त्या बाजूने फुटून ओघळते. हा दोष सर्वस्वी हाताचा आहे, येथे कारागिराने मेणाला बोल लावू नये.

आमची सूचना अशी की प्रत्येक घाण्यातली एक मेणबत्ती पेटवून पाहावी आणि ती शेवटपर्यंत जळू द्यावी. तिचा खर्च व्यापाऱ्याने सोसावा. शंभर नगांमागे एक नग जळाला म्हणून धंदा बुडत नाही, पण दुकानदाराकडून पेटीच्या पेटी परत आली तर बुडतो. सध्या ही परीक्षा गिऱ्हाईकच करते, पैसे मोजून.

रंग आणि वास यांत नवखे लोक फार फसतात. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, मेणात तो मिसळत नाही, तळाशी बसतो. मुलांच्या मेणखडूचे तुकडे घालण्याची युक्ती मोबाइलवर हौसेने दाखवतात. त्यातल्या रंगाचे कण वातीत शिरून तिला गच्च करतात आणि ज्योत मरते. मेणासाठी मिळणारा, तेलात विरघळणारा रंगच घ्यावा आणि तोही चिमटीने. गडद लाल, निळ्या मेणबत्त्या दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात ठेवल्या की फिक्या पडतात, त्याला कारागीर जबाबदार नाही. दुकानदाराने पडदा लावावा. वासाचे म्हणाल तर शंभर भाग मेणाला तीन-चार भाग सुगंधी तेल पुरते. जास्त घातले की तेल सुटते, मेणबत्ती बुळबुळीत होते. आमच्यातल्या अत्तरवाल्यांना यात चांगली संधी आहे, असे आम्हाला वाटते. पण अत्तराच्या नावाने विकले जाणारे सर्वच मेणात चालते असे नाही. ज्या सेंटमध्ये अल्कोहोल असते ते मेणात मिसळत नाही, आणि गरम मेणाजवळ त्याची वाफ पेट घेते. ते घरात आणूच नये.

आगीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिणे भाग आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावतात तशा फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना जागेत आग लागली. मरण पावलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, मजुरीवर काम करणाऱ्या. फुलबाजीच्या मेणबत्तीत दारू असते. ते काम साध्या मेणबत्तीचे नव्हे आणि कोणत्याही परिस्थितीत घरी करण्याचे नव्हे, मजुरी दुप्पट मिळाली तरी. जो व्यापारी असे काम वस्तीत वाटतो, त्याच्याशी व्यवहार तोडावा, असे आम्ही निःसंकोच सांगतो.

साध्या मेणाचीही हयगय नको. मेण कधीही थेट ज्योतीवर ठेवू नये, पाण्याच्या पातेल्यातच वितळवावे. पाणी आटले तर मेणाचे तापमान वाढतच जाते, ते पिवळे पडते, वास सुटतो, आणि फार तापले तर आपोआप पेट घेते. पेटलेल्या मेणावर पाणी टाकू नये. पाण्याची वाफ होऊन जळते मेण सगळीकडे उडते. गॅस बंद करून भांड्यावर झाकण ठेवावे. झाकण आधीपासून हाताशी हवे, शोधायला जाऊन चालत नाही. मेण चुलीवर असताना दाराशी कोणी आले तर आधी आच बंद, मग दार. उरलेले मेण मोरीत ओतू नये. ते थिजून नळी तुंबते आणि घरमालकाशी तंटा निघतो.

वजनाच्या घटीबद्दल एक हिशेब देतो, कारण कापाकापी तेथेच होते. साच्याच्या घरात पाणी भरून ते मापात ओतावे. जितके मिलिलिटर पाणी, त्याच्या नऊ दशांश ग्रॅम मेण लागते. एका घरात ५० मिलिलिटर पाणी मावत असेल तर मेणबत्ती ४५ ग्रॅमची. बारा घरांच्या साच्याला एका घाण्यास ५४० ग्रॅम, दहा घाण्यांस ५ किलो ४०० ग्रॅम. भांड्याला लागणे, सांडणे धरून थोडी सूट ठेवावी आणि ती आधीच ठरवावी. हा हिशेब पहिल्या दिवशी दोघांनी मिळून केला तर नंतर कोणाचा संशय कोणावर राहत नाही. साचा ओला राहू देऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

यंत्र घ्या, कच्चा माल घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ, अशा जाहिराती करणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. पहिली खेप घेतात, दुसऱ्या खेपेत "माल पास झाला नाही" म्हणतात, आणि तिसऱ्या खेपेला फोन लागत नाही. "पास" म्हणजे काय, हे करारात लिहिलेले नसते, म्हणून हे चालते. पैसे भरण्याआधी एवढेच विचारावे की किती मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालेल, पट्टा चालेल की नाही, नग किती वेळ जळला पाहिजे, आणि हे लिहून द्या. जो लिहून देत नाही त्याला माल नकोच आहे. त्याला यंत्राचे पैसे हवे आहेत.

हा धंदा टिकतो, याचा दाखला महाबळेश्वरला आहे. तेथील सनराइज कँडल्स दृष्टिहीन कारागिरांच्या हातांवर चालते, आणि तिचे संस्थापक भावेश भाटिया स्वतः दृष्टिहीन आहेत. मेणबत्तीचे काम ते मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये शिकले. डोळ्यांनी पट्टा न दिसणारा कारागीर जर शोभेचा माल करू शकतो, तर "हात बसला नाही" हे कारण फार दिवस पुरणारे नाही. हात शिकवून आणि मोजमापाने बसतो.

बाजाराचे म्हणाल तर वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातील जत्रेत मेणाचे हात, पाय, घर, बाळ असे आकार नवसासाठी विकले जातात. हे सारे साच्याचेच काम. तेथे गिऱ्हाईक मेणाचे तुटलेले बोट घेत नाही, कारण नवस हाताचा असतो. असे बारीक आकार सिलिकॉनच्या साच्यातून नीट सुटतात. धातूत बोटे मोडतात. विदर्भ-मराठवाड्यात माल पाठवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये उभा भरू नये, आडवा, सपाट पुठ्ठ्यावर, थरांत भरावा. मेण ६० अंशांना वितळत असले तरी पत्र्याच्या गोदामात चाळिशीच्या वरच ते मऊ पडते आणि उभी मेणबत्ती मान टाकते. पेटीत वाकलेला माल परत आला तर तो बांधणाऱ्याच्या खात्यावर लिहावा, ओतणाऱ्याच्या नव्हे.